एकटीचे पान

‘सुरतचे जमण आणि काशीचे मरण’ ही गुजराती म्हण सुरतेत चार वर्षे काढलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला ठाऊक असते. जेवावे ते सुरतेत आणि देह ठेवावा तो काशीत, असा तिचा अर्थ. लोचो, खमण, घारी आणि हिवाळ्यातला पोंक यांच्या या नगरीत कोणी उपाशी राहील, हे संभवत नाही. परंतु हेच सुरती लोक गाव सोडून बाहेर पडले, की त्यांचा दुसऱ्याच्या स्वयंपाकावरचा विश्वास उडतो. डब्यात थेपले आणि खाखरे असतात. मोठी सहल असेल, तर स्वयंपाकी ‘महाराज’ आणि त्यांची पातेली बसमधून थेट हिमालयापर्यंत जातात. आपण मराठी लोक या प्रकाराला हसतो खरे. पण आपल्याही पिशवीत चिवडा, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे असतेच. शिदोरी ही केवळ भुकेसाठी नसते. परक्या ठिकाणी, परक्या माणसाला आपल्या खाण्यापिण्याविषयी विचारावे लागू नये, हाही तिचा एक हेतू असतो.

या विचारण्या-न विचारण्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

मी कोकणी मुसलमान. माहेर आणि सासर दोन्ही दापोली तालुक्यातले. घरात आमची किनाऱ्यावरची मराठी बोलली जाते. यजमानांच्या नोकरीमुळे सुरतेस आले आणि इथलीच झाले. मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांना शिकवण्यात माझी हयात गेली. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, उडिया अशा भाषांतूनही चालतात, हे बाहेरच्या लोकांना सांगितले तर खरे वाटत नाही. खानदेशातून लिंबायत-उधन्याकडे पोट भरण्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुले माझ्या वर्गात असत. त्यांच्यासाठी मी नुसती ‘बाई’ होते. आजही बाजारात कोणी मिशा फुटलेला तरुण ‘बाई!’ म्हणून हाक मारतो, तेव्हा नोकरीतली सारी वर्षे वसूल झाल्यासारखी वाटतात.

आता हलाल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. कारण पुष्कळांचा समज असा असतो, की तो मांसाचाच काही प्रकार आहे. हलाल म्हणजे विहित, धर्माने मोकळे ठेवलेले. भाजी, धान्य, फळे, दूध आणि समुद्रातली मासळी यांबद्दल आम्हाला काही विचारावे लागत नाही. प्रश्न येतो तो कोंबडी-बकऱ्याचा. जनावर अल्लाचे नाव घेऊन, विशिष्ट रीतीने कापलेले असावे लागते. डुक्कर आणि दारू पूर्ण वर्ज्य. म्हणून कढईत तळण कशाचे, रश्शात काही मद्य घातले आहे काय, भाजीला तोच झारा वापरला काय, अशा बारीकसारीक शंका येतात. घरात या शंका कधी उठत नाहीत. घराबाहेर त्या प्रत्येक जेवणाच्या आधी उठतात.

आमच्या घरात या शंका विचारण्याचे काम यजमानांकडे होते. सहलीचे नाव निघाले, की मुले ‘तिथे काय बघायचे?’ म्हणत आणि ते ‘तिथे जेवायचे कुठे?’ म्हणत. काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी घडलेला प्रसंग मला आठवतो. एका लॉजच्या भोजनगृहात त्यांनी गल्ल्यावरच्या गृहस्थाला हळू आवाजात मटणाविषयी विचारले. तो गृहस्थ क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला, “आमच्याकडे तसले काही नसते,” म्हणाला आणि पुन्हा वहीत डोके घालून बसला. शिवी दिली नाही, अपमान केला नाही. जाब विचारावा असे काहीच घडले नाही. आम्ही खोलीवर पाव आणि केळी खाल्ली. त्या ‘तसले’ या शब्दाने मात्र त्या गावचा सगळा डोंगर आमच्यासाठी बुटका झाला.

चार वर्षांपूर्वी ते गेले आणि घरातून प्रश्न विचारणारा माणूस गेला. माझे बाहेर पडणे त्याबरोबरच थांबले. मुलगी भरूचला असते, मुलगा बंगळूरला. दोघेही म्हणत, “अम्मा, आमच्याबरोबर चल.” गेलेही असते. पण मुलांच्या सोबतीने जाणे म्हणजे पुन्हा डबे भरणे, नातवंडांचे स्वेटर शोधणे आणि सगळ्यांची पोटे सांभाळणे. मला दोन दिवस कोणाचेच पोट सांभाळायचे नव्हते. आपले तेवढे सांभाळता येते काय, ते पाहायचे होते. शेवटी गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी मी एकटीच सापुताऱ्याला निघाले.

हिमालय पाहून आलेल्या वाचकांनी हसू नये. सापुतारा समुद्रसपाटीपासून हजार मीटरांच्या आतबाहेर. महाबळेश्वरासमोरही तो धाकटाच ठरेल. पण सुरतेच्या सपाट, दमट, यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्याला जवळचा उंच प्रदेश तोच. अंतर सुमारे एकशे साठ किलोमीटर. शिवाय तो आपलाच सह्याद्री. डांग जिल्हा गुजरातेत जावा की महाराष्ट्रात, यावर द्विभाषिकाच्या काळात किती वाद झाला, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि डांग गुजरातेत गेला; सह्याद्री मात्र दोन्हीकडे तसाच पसरलेला राहिला.

थेट बस असते. पण मला घाई नव्हती. मी सुरतेहून बिलिमोऱ्यास आणि तिथून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने वघईस गेले. त्रेसष्ट किलोमीटरांचा हा रस्ता बडोद्याच्या गायकवाडांच्या संस्थानी रेल्वेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घातला. सागवान बाहेर काढणे हा त्यामागचा हेतू. २०२० मध्ये बंद पडलेली ही गाडी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना आनंद झाला. ही गाडी धावत नाही, चालते. उनाईच्या पुढे सागाची झाडे खिडकीशी येतात आणि माणसे एकमेकांशी आपोआप बोलू लागतात.

समोरच्या बाकावर नवसारीच्या एक जैन बाई होत्या. माझ्याच वयाच्या. मी डबा उघडून त्यांच्यापुढे केला, तेव्हा त्यांनी अगदी मोकळेपणाने विचारले, “बेन, यात कांदा-बटाटा तर नाही ना?” मेथीच्या पुऱ्या होत्या, नव्हता. त्यांनी दोन घेतल्या आणि आपला खाखरा मला दिला. माझ्या मनात आले, यांचा नियम माझ्यापेक्षा किती कडक! कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर भोजन नाही. तरीही प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली येत नाही. गुजरातेतल्या साध्या भजीच्या गाडीवरही ‘जैन मिळेल’ अशी पाटी दिसते आणि ती वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. विमानात तिकीट काढतानाच हिंदू भोजन, मुस्लिम भोजन, जैन भोजन यांतले हवे ते नोंदवता येते. तिथेही कोणी कोणाचे तोंड पाहत नाही. तोच प्रश्न जमिनीवर, एका गल्ल्यासमोर उभे राहून विचारताना मात्र आवाज का उतरावा? नियमांत फरक असतो हे खरे. पण भीड नियमामुळे येत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यामुळे येते.

वघईपासून सापुतारा पन्नासएक किलोमीटर. वाटेत अंबिका नदी, सागबाग, आणि मग घाटाची वळणे. चढ लागताच हवा बदलते, हे पुस्तकी वाक्य मी मुलांना कित्येक वर्षे शिकवले होते. त्या दिवशी ते माझ्या कानांना कळले. खोली तळ्यापासून थोडी वर, साधी आणि स्वच्छ होती. नाव नोंदवताना मॅनेजरने विचारले, “बाकीचे मागून येतात का, मासी?” मी म्हटले, “बाकीचे कोणी नाही. मी एकटीच.” त्याने मान हलवली आणि खिडकीची खोली दिली.

आता जेवणाचे. सापुताऱ्यातली बहुतेक भोजनगृहे शाकाहारी गुजराती थाळीची आहेत. शिवाय राज्यात १९६० पासून दारूबंदी. त्यामुळे माझ्या अर्ध्या शंका टेबलाशी बसण्यापूर्वीच मिटल्या. कायदा गांधीजींच्या विचारातून आला. पण त्याच्या आधारे दापोलीची एक मुसलमान बाई निर्धास्तपणे डाळ-भात जेवते, ही मौज मला तेव्हाच जाणवली. वाढणारा मुलगा ‘रोटली? दाळ? शाक?’ करीत फिरत होता. चार जणांच्या टेबलावर माझे एकच ताट. पहिले दोन घास घशाखाली उतरेनात, हे लपवण्यात अर्थ नाही. पस्तीस वर्षे समोर एक माणूस बसत होता आणि ‘मीठ बरोबर आहे’ म्हणत होता. इथे कोणी काही म्हणाले नाही. मुलाने न विचारता कढीची वाटी पुन्हा भरली. मी ती प्यायले, आणि मग बाकीचे जेवण सरळ झाले.

संध्याकाळी सूर्यास्त पाहण्याच्या टेकडीवर गेले. गर्दी बरीच होती. कणसे, भेळ, फोटो काढणारी जोडपी. आमच्या इकडून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. सूर्य बुडाला, की मगरिबची वेळ होते. तेव्हा त्या टेकडीवरची शे-दोनशे माणसे आपापल्या कारणाने पश्चिमेकडेच तोंड करून उभी होती. मी गर्दीपासून जरा दूर, खडकाच्या आडोशाला शाल अंथरली आणि नमाज पढले. उठले, तेव्हा एक आजोबा नातवाला “शू! गडबड करू नको” असे मराठीत दटावत होते. नाशिककडचे असावेत. मी मराठीतच म्हटले, “राहू द्या आजोबा, झाली माझी.” ते चकित झाले, मग हसले आणि म्हणाले, “मग बसा की, अजून लाली जायची आहे.” आम्ही लाली जाईपर्यंत बसलो.

रविवारची सकाळ खरी विश्रांतीची. कोणाचा चहा ठेवायचा नव्हता. तळ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या. रस्त्याकडेला बायका स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. डांगात आणि सीमेपलीकडे सुरगाण्याकडे हे पीक आता चांगले रुजले आहे. तेथून जवळच नाशिक जिल्ह्यातला हातगड किल्ला. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले आणि परतताना वणी-दिंडोरीपाशी दाऊदखानाशी लढले, ते याच डोंगरी मुलखातून पुढे जाऊन. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय निघाला, की थोडे सांभाळून बोलावे लागते, हे माझ्या वाचकांना सांगायला नको!

दुपारच्या जेवणासाठी मुद्दाम थाळी टाळली. डांग-वांसदा भागात आदिवासी महिलांच्या गटांनी चालवलेली ‘नाहरी’ नावाची भोजनकेंद्रे आहेत. शब्द ऐकताच मला हसू आले. आपली न्याहारीच ती! तशाच एका स्त्रियांनी चालवलेल्या साध्या जागेत मी गेले. चूल पेटलेली, नागलीचे रोटले हातावर थापणे चाललेले. डांगी बोली कानाला खानदेशीच्या जवळची लागते. लिंबायतच्या मुलांनी मला ती अर्धी शिकवलीच होती. चुलीपाशी बसलेल्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, “बाई, तुला काय चालत नाही?”

काय हवे, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. काय चालत नाही, असे आधी विचारणारी ही पहिलीच. मी सांगितले, “मी मुसलमान आहे. कोंबडी असेल, तर ती कोणी कापली?” ती म्हणाली, “आमच्यातलेच कापतात.” मी म्हटले, “मग मला भाजी दे.” “बरं,” ती म्हणाली, आणि उडदाची डाळ, भाजी, बांबूच्या कोवळ्या कोंबांचे लोणचे आणि चुलीवरून उतरलेला रोटला वाढला. भाजीसाठी पळी वेगळी घेतली. मी सांगितले नव्हते. तिला वाईट वाटले नाही, मला संकोच झाला नाही. चार वाक्यांत सारे संपले. तिच्या स्वयंपाकघरात माझ्या धर्माची कोंबडी नव्हती, तरी माझ्या धर्माला जागा होती.

हल्ली पर्यटनाच्या जाहिरातींत हलाल भोजनाची सोय ठळक अक्षरांत सांगतात. जपान-थायलंडसारख्या देशांतही मुसलमान प्रवाशांसाठी अशी सोय करणारी हॉटेले निघाली आहेत. चांगलेच आहे, पाटी असली की विचारावे लागत नाही. पण पाटीवाचूनही सोय होऊ शकते, आणि पाटी असूनही होत नाही, असे मला त्या चुलीपाशी बसून वाटले. सगळीकडे सगळे मिळावे, असा हट्ट कोणी धरू नये. ‘नाही’ हे उत्तरही चालते. ते ‘तसले’ या शब्दावाचून आले पाहिजे, एवढेच.

सुरतेला हे नवे नाही. एके काळी या बंदराला मक्केचे द्वार म्हणत. हिंदुस्थानभरातून हज यात्रेकरू इथे येत आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहत मुक्काम करीत. त्यांच्यासाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघल सराई अजून उभी आहे; महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय तिथेच भरते. घरपट्टी भरायला गेलेल्या किती जणांना ठाऊक असते, की आपण एका मुसाफिरखान्याच्या ओवऱ्यांत उभे आहोत? तापीपलीकडच्या रांदेरचे व्यापारी रंगूनला गेले आणि परतताना खाऊसा घेऊन आले. आज तो सुरतेत सर्व धर्मांच्या घरांत शिजतो, शाकाहारी घरांत शाकाहारी होऊन. परक्याचे पान मांडण्याची या शहराची सवय फार जुनी आहे.

वाचकहो, हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा आहे, असे मात्र समजू नका. आपल्यापैकी किती जणांनी गुजरातेत भाड्याचे घर शोधताना ‘तुम्ही मासे खाता का?’ हा प्रश्न ऐकला आहे! किती मालवणी, किती सारस्वत घरांनी बोंबील दारे-खिडक्या बंद करून तळले आहेत! बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या ताटाची भीड काय असते, ते पुरते माहीत आहे. म्हणूनच ज्याच्या ताटाची भीड आपल्यापेक्षा वेगळी आहे, त्याला आपण लवकर समजून घ्यावे, असे मला वाटते. आपल्या घरी कोणी परप्रांतीय, परधर्मीय, उपासाचा किंवा पथ्याचा पाहुणा आला, तर ‘काही चालेल ना?’ असे मोघम न म्हणता ‘काय चालत नाही?’ असे सरळ विचारून पाहावे. पाहुण्याच्या खांद्यावरचे ओझे उतरताना दिसते.

ज्या भगिनींना असे एकटे जावेसे वाटेल, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळ्यात डांग अतिशय हिरवा असतो, गिराचा धबधबा भरून वाहतो. पण सापुताऱ्यावर धुके दाटते आणि घाटात गाड्या अडतात. गुडघे दुखणाऱ्यांनी दिवाळीनंतर जावे. सलग सुट्या टाळाव्यात. खोली आधी ठरवावी आणि जेवणाबद्दल काय हवे-नको ते फोनवरच विचारावे. आवाज न उतरवता. रविवारी संध्याकाळच्या परतीच्या बसला गर्दी असते, तेव्हा जागा लवकर धरावी. एक छोटा डबा बरोबर असू द्यावा. मात्र तो भीतीने भरलेला नसावा. गाडीत कोणाला तरी देता यावा, एवढ्यासाठी असावा.

मी परत आले, तेव्हा मुलीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “अम्मा, जेवणाचे हाल झाले असतील ना?” अगदी तिच्या अब्बांसारखा. मी तिला नागलीच्या रोटल्याची कृती सांगितली. पुढच्या खेपेस आहव्याकडे जाण्याचा विचार आहे. ती येते म्हणाली. मी सांगितले आहे, “ये, पण डबा तू भरायचा, आणि विचारायचे काम माझ्याकडे.”